चौथ्या डावाचा पाठलाग: डावपेचांवर वाद घालायचा तर असा घाला

‘आता मारायलाच पाहिजे’ आणि ‘आधी विकेट सांभाळा’. कसोटीच्या चौथ्या डावात ही दोन वाक्यं घरात, कट्ट्यावर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दिवसभर फिरत असतात आणि दोन्ही अर्धवट असतात. मारायचं तर कोणत्या गोलंदाजाला, आणि चेंडू किती षटकं जुना असताना? सांभाळायचं तर कधीपर्यंत, आणि तोवर धावगती कुठे जाऊन पोचेल?

गोलंदाज आणि यष्टिरक्षक वगळले की कर्णधाराकडे नऊच माणसं उरतात. तिसरी स्लिप हवी तर ती कव्हरमधून उचलावी लागते, आणि मग कव्हर ड्राइव्हला चौकार जाणार हे मान्य करावं लागतं. फलंदाजी करणाऱ्यांचंही तेच. वेळ घ्यायचा तर धावगती चढते, धावा घ्यायच्या तर विकेट पणाला लागते. म्हणून वादाला एकच नियम ठेवा: जो डावपेच सुचवेल त्याने त्याची किंमतही त्याच दमात सांगायची. ‘बुमराला आणा’ एवढं पुरत नाही. ‘बुमराला आत्ता आणा, नव्या चेंडूवर त्याची चारच षटकं उरली तरी चालतील’ हे पुरतं. ही किंमत नीट कशी काढायची, त्यासाठी पुढचं सगळं.

आधी एक पान आखा

वहीचं एक पान आडवं धरा आणि पाच रकाने पाडा: हव्या असलेल्या धावा, हातातल्या विकेट, उरलेली षटकं, चेंडूचं वय आणि चकलेले चेंडू (ज्यांवर फलंदाज फसला किंवा हुकला). दर पाच षटकांनी एक ओळ भरायची. मोबाइलवर हे सगळं दिसतं, पण तुकड्यातुकड्यांत दिसतं. एकाखाली एक ओळी आल्या की मॅच कुठे वळतेय ते कळतं.

उरलेली षटकं मोजताना बहुतेकांची गफलत होते. कसोटीच्या दिवसाला किमान ९० षटकं असतात. पाचव्या दिवशी त्यांची विभागणी ७५ अधिक १५ अशी असते. खेळ संपायला एक तास उरला असेल आणि ७५ षटकं झालेली असतील, तर शेवटचा तास सुरू होतो आणि त्यात किमान १५ षटकं टाकावीच लागतात. त्यामुळे गोलंदाज बुटाची नाडी बांधत बसला म्हणून या १५ षटकांतलं एकही कमी होत नाही. पाऊस किंवा अंधुक प्रकाशामुळे वेळ गेला तर दर चार मिनिटांना एक षटक वजा करा. त्याच दिवशी डाव बदलला असेल तर आणखी दोन षटकं जातात.

चेंडूचं वय हा रकाना लोक लिहीतच नाहीत, आणि खरी गंमत तिथेच असते. ८० षटकांनंतर नवा चेंडू घेता येतो, पण घ्यावाच लागतो असं नाही. तोपर्यंत किती षटकं आहेत यावर फलंदाजांचं निम्मं गणित ठरतं.

धावगतीचा ढोबळ अंदाज असा ठेवा. षटकामागे अडीचपर्यंत धावा लागत असतील तर घड्याळाकडे बघायचं कारण नाही, लढाई फक्त विकेटची आहे. अडीच ते साडेतीनमध्ये दोन्ही संघ जिंकायला खेळू शकतात. साडेतीनच्या वर गेलं की क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधाराला माणसं सीमारेषेवर पाठवून नुसतं वाट बघणंही परवडायला लागतं. पाचच्या वर गेलं आणि पाचपेक्षा कमी विकेट हातात असल्या, तर पाठलाग सुरू ठेवणं हा धाडसाचा निर्णय असतो आणि त्याची कारणं द्यावी लागतात.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात आणखी एक गोष्ट लिहा: अनिर्णित सामना कोणाला चालेल? जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत विजयाला १२, बरोबरीला ६ आणि अनिर्णित सामन्याला ४ गुण मिळतात, तो हिशेब आहेच. त्याहून मोठा हिशेब मालिकेचा.

ब्रिस्बेनचं पान

जानेवारी २०२१. गॅबावर भारतापुढे ३२८ चं लक्ष्य. मालिका १-१ अशी बरोबरीत होती आणि चषक भारताकडेच असल्यामुळे सामना अनिर्णित राहिला तरी तो भारताकडेच राहणार होता. ऑस्ट्रेलियाला मात्र विजयच हवा होता. हे कोपऱ्यात लिहिलं की पुढच्या ओळी वेगळ्या दिसायला लागतात.

चहापानाला ३ बाद १८३. हव्या १४५ धावा, उरली ३७ षटकं, विकेट सात. धावगती चारच्या किंचित खाली. चेंडू साधारण ६३ षटकं जुना, म्हणजे नव्या चेंडूला १७ षटकं अवकाश. आता इथे वाद घाला. पुजाराने वेग वाढवायला हवा होता का?

त्याने वाढवला नाही. चहापानानंतर नवा चेंडू येईपर्यंत भारताने ४५ च धावा केल्या, पण एकही विकेट दिली नाही. नवा चेंडू हाती येताच कमिन्सने पुजाराला पायचीत केलं: ४ बाद २२८, शंभर धावा हव्या आणि वीसच्या आसपास षटकं. धावगती चारवरून पाचवर गेली. ही झाली किंमत. तिच्या बदल्यात काय मिळालं? पुजाराने २११ चेंडू खेळले, अंगावर मार खाल्ला आणि जुन्या चेंडूवर कमिन्स, हेझलवूड यांना थकवलं. पंत स्थिरावलेला राहिला. आणि नवा चेंडू टणक असतो, बॅटवर बसला की सुटतो. मऊ चेंडूवर ज्या फटक्याला दोन धावा मिळतात त्याच फटक्याला टणक चेंडूवर चौकार जातो. पंत नाबाद ८९, वॉशिंग्टन सुंदरच्या महत्त्वाच्या २२, आणि ९७ व्या षटकात ७ बाद ३२९.

म्हणजे ‘नवा चेंडू येण्याआधी धावा करून घ्या’ हा सल्ला सरसकट बरोबर नाही. मऊ चेंडूवर धावा निघत नसतील, खालच्या क्रमांकावर फटके मारणारे असतील आणि अनिर्णित सामना चालणार असेल, तर नव्या चेंडूपर्यंत विकेट राखून ठेवणं हाच आक्रमक डाव ठरतो. या तीनपैकी एक जरी अट नसेल तर उत्तर बदलतं. एजबॅस्टनला २०२२ मध्ये इंग्लंडने भारताविरुद्ध ३७८ धावा ७६.४ षटकांत केल्या. रूट आणि बेअरस्टो यांनी नवा चेंडू यायच्या आतच सामना संपवला, कारण जुना चेंडू काहीच करत नव्हता आणि खेळपट्टी साथ देत होती.

नवा चेंडू न घेण्याचा निर्णय

याची दुसरी बाजू ऑगस्ट २०२५ मध्ये ओव्हलवर दिसली. इंग्लंडला ३७४ हव्या होत्या. चौथ्या दिवसअखेर ६ बाद ३३९, म्हणजे फक्त ३५ हव्या. ७६.२ षटकं झालेली, म्हणजे पाचव्या सकाळी चौथ्याच षटकात नवा चेंडू मिळणार. टीव्हीसमोर बसलेल्या बहुतेकांचं मत एकच असणार: चार षटकं काढा आणि नवा घ्या.

भारताने घेतला नाही. जुना चेंडू ढगाळ हवेत हलत होता. आणि राखायला ३५ च धावा असताना नव्या चेंडूची एक कड स्लिपमधून गेली तर ती चौकारच. सिराजने पाच बळी घेतले, इंग्लंड ८५.१ षटकांत ३६७ वर सर्वबाद, भारत ६ धावांनी विजयी.

नव्या चेंडूवर वाद घालताना तीन प्रश्न विचारा. जुना चेंडू हलतोय का? राखायला किती धावा आहेत? समोर कोण आहे? तळाच्या फलंदाजाला जोरात येणारा टणक चेंडू नको असतो, पण त्याची कडही जोरात जाते. राखायला शंभर धावा असतील तर नवा चेंडू घ्या, एखादा चौकार परवडतो. तीस असतील तर दोनदा विचार करा.

चेंडू कोणत्या बनावटीचा हेही लिहून ठेवा. इंग्लंडमधल्या ड्यूक्सची शिवण हाताने घातलेली आणि उठावदार असते, तो बराच काळ हलतो. ऑस्ट्रेलियातल्या कुकाबुराची शिवण लवकर बसते. सुरुवातीच्या वीस-पंचवीस षटकांनंतर तो मऊ पडतो आणि मग गोलंदाजांना उसळीवर विसंबावं लागतं. आपल्याकडच्या एसजीची शिवण फिरकी गोलंदाजाच्या बोटांना पकड देते, म्हणून भारतात नवा चेंडूसुद्धा फिरकीच्या हाती दिला जातो. एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याबद्दल बोललं की वाद भरकटतो.

खेळपट्टी वाचताना

‘पाचव्या दिवसाची खेळपट्टी आहे, खेळणं अशक्य’ हे वाक्य पुरावा दिल्याशिवाय मान्य करू नका. पुरावा म्हणजे पाचवा रकाना. प्रत्येक चकलेल्या चेंडूपुढे दोनपैकी एक अक्षर लिहा: ‘ख’ म्हणजे खेळपट्टीने केलं, ‘फ’ म्हणजे फलंदाजाने. गुड लेंग्थवर पडून घोट्याएवढा खाली राहिला, किंवा तशाच जागी पडून अचानक उसळला, तर ‘ख’. ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूच्या मागे बॅट गेली आणि कड लागली तर ‘फ’. दहा षटकांच्या शेवटी ‘ख’ दोन-तीनच असतील तर खेळपट्टी ठीक आहे, दडपण धावफलकाचं आहे. ‘ख’ सात-आठ झाले असतील तर नुसतं उभं राहून टिकता येणार नाही. आपल्या नावाचा चेंडू येणारच आहे, त्याआधी धावा करून घेतलेल्या बऱ्या.

टोकाटोकांतला फरक वेगळा मांडा. उजव्या हाताचे वेगवान गोलंदाज ओव्हर द विकेट टाकताना पुढे धावत जातात, त्या बुटांनी पडलेला रफ (उखडलेला खडबडीत भाग) डावखुऱ्या फलंदाजाच्या ऑफ स्टंपबाहेर आणि उजव्याच्या लेग स्टंपबाहेर येतो. म्हणून डावखुऱ्याला ऑफस्पिनर त्रास देतो आणि उजव्याला डावखुरा फिरकीपटू. संघात डावखुरा वेगवान गोलंदाज असेल तर रफ उजव्या फलंदाजाच्या ऑफ स्टंपबाहेर तयार होतो. स्टार्कच्या बुटांचा फायदा लायनला होतो तो असा. ‘याला त्या टोकाने आणा’ असं म्हणणाऱ्याला विचारा: त्या टोकाला रफ कोणाच्या कोणत्या बाजूला आहे?

रफमधला चेंडू हाताळण्याचा उत्तम नमुना चेन्नईत डिसेंबर २००८ मध्ये दिसला. इंग्लंडविरुद्ध लक्ष्य ३८७. चौथ्या दिवशी सेहवागने ६८ चेंडूंत ८३ केल्या आणि इंग्लंडला क्षेत्ररक्षण पांगवायला लावलं. पाचव्या दिवशी २५६ हव्या होत्या. पांगलेल्या क्षेत्ररक्षणात सचिन आणि युवराजने एकेरी-दुहेरी धावा चालू ठेवल्या. सचिनने पानेसर, स्वान यांना स्वीप आणि पॅडल स्वीपने रफमधूनच काढलं. चेंडू वळायच्या आत गाठला की रफचं काही चालत नाही. त्याचं शतक आणि विजयाची धाव एकाच फटक्यात आली. सेहवागने दिलेली भेट ८३ धावांहून मोठी होती, ती मोकळ्या जागांची होती. सकाळी कोणी धडाकेबाज खेळून बाद झाला तर ‘फुकट गेला’ म्हणण्याआधी तो गेल्यावर स्लिपमध्ये किती माणसं उरली ते मोजा.

लहान लक्ष्याचा सापळा

दीडशेच्या आतलं लक्ष्य असलं की घरातली मंडळी निम्मा सामना जिंकल्यासारखी बसतात. ब्रिजटाउन १९९७: भारताला १२० हव्या, सगळे ८१ वर बाद, दोन आकडी धावा एकट्या लक्ष्मणच्या, त्याही १९. वानखेडे, नोव्हेंबर २०२४: न्यूझीलंडविरुद्ध १४७ हव्या, बघता बघता ५ बाद २९, पंतने ६४ केल्या आणि डाव १२१ वर संपला. मुंबईतच जन्मलेल्या एजाझ पटेलने त्या डावात सहा बळी घेतले.

हे का होतं? मोठ्या लक्ष्यात फलंदाज पहिल्या तासाला काही ठरवून उतरतो. लहान लक्ष्यात तो दोन्ही डगरींवर हात ठेवतो. अर्धा टिकायला खेळतो, अर्धा संपवायला. वळणाऱ्या खेळपट्टीवर असं अर्धवट पुढे टाकलेलं पाऊल शॉर्ट लेगला झेल देतं. प्रतिस्पर्धी कर्णधाराला दोन विकेट लवकर मिळाल्या की तो जवळचे चार क्षेत्ररक्षक ठेवू शकतो, कारण आता प्रत्येक विकेट त्याला वीस-पंचवीस धावांच्या मोलाची असते.

अशा वेळी सुचवण्याजोगा डाव एकच: पहिल्या दहा षटकांत सिली पॉइंट किंवा शॉर्ट लेग मागे हटवायला भाग पाडणं. त्यासाठी एकाने ठरवून स्वीप किंवा पुढे सरसावून फटका खेळायचा. किंमत उघड आहे, तो बाद होऊ शकतो. पण कोणीच ते केलं नाही तर सगळेच एकेक करून जातात.

एक षटक जवळून: शेवटची जोडी

सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो तो इथे. समजा, २२ धावा हव्यात, एक विकेट उरली आहे, स्थिरावलेला फलंदाज समोर आहे आणि अकरावा पलीकडे उभा आहे. गोलंदाज वेगवान.

पहिले तीन चेंडू कर्णधार सहा माणसं सीमारेषेवर ठेवतो: थर्ड मॅन, डीप पॉइंट, लाँग ऑफ, लाँग ऑन, डीप मिडविकेट, फाइन लेग. आत तिघंच. तो एकेरी धाव देतोय, तेही मुद्दाम, कारण ती घेतली की अकराव्याला तीन ते पाच चेंडू मिळतात. फलंदाज ती नाकारतो. त्याला हव्या असतात दोन धावा, म्हणून तो डीप पॉइंटच्या बाजूला हलक्या हाताने ढकलतो, लांबच्या सीमारेषेकडे.

चौथा चेंडू दोन्ही बाजूंना अडचणीचा. आता एकेरी घेतली तर अकराव्याला दोन चेंडू. त्याने आतापर्यंत किती चेंडू आरामात खेळले ते वहीत असेल तरच याचं उत्तर मिळेल.

पाचव्या चेंडूला कर्णधार चार जणांना आत बोलावतो. आता एकेरी रोखायची आहे. नेमका हाच चेंडू मारण्यासाठी सगळ्यात मोकळा असतो, कारण आत आलेल्यांच्या डोक्यावरून टोलवला की मागे कोणी नाही. गोलंदाजाला हे माहीत असतं, म्हणून तो बाउन्सर किंवा ऑफ स्टंपबाहेरचा यॉर्कर टाकतो. कसोटीत षटकाला खांद्यावरून जाणारे दोनच बाउन्सर चालतात. ते पहिल्या तीन चेंडूंत उधळले असतील तर पाचव्या-सहाव्याला हातात काही उरत नाही. ‘बाउन्सर मार’ असं पहिल्या चेंडूपासून ओरडणाऱ्याने याचा हिशेब द्यावा. सहाव्या चेंडूवर एकेरी मिळाली तर पुढचं षटक पुन्हा स्थिरावलेल्याचं.

आता ही पट्टी खऱ्या सामन्यांना लावा. हेडिंग्ले २०१९: इंग्लंडच्या स्टोक्स आणि लीच यांनी शेवटच्या विकेटसाठी ७६ जोडल्या, त्यात लीचची १, त्याला मिळाले १७ चेंडू. डर्बन, त्याच वर्षी: श्रीलंकेच्या कुसल परेराने शेवटच्या जोडीत ७८ जोडल्या, विश्वा फर्नांडोने २७ चेंडू काढले. दोन्हीकडे मारणारा एकच होता आणि लक्ष्य दूर असल्यामुळे मारणं भाग होतं.

लॉर्ड्स, जुलै २०२५, हा खरा वादाचा सामना. इंग्लंडविरुद्ध भारताचं लक्ष्य १९३. पाचव्या दिवशी उपाहाराला ८ बाद ११२. तिथून जडेजाने खिंड लढवली. आधी बुमराने ५४ चेंडू आणि नंतर सिराजने ३० चेंडू खेळून साथ दिली. जडेजा १८१ चेंडूंत नाबाद ६१, भारत ७४.५ षटकांत १७० वर बाद, २२ धावांनी पराभव.

जडेजाने हात का खोलले नाहीत? त्याच्या बाजूने: वेळ भरपूर होता, त्यामुळे थांबण्यात धावगतीचं नुकसान शून्य. चेंडू मऊ, खेळपट्टी संथ, सीमारेषेवर माणसं. मोठा फटका चुकला तर सामना तिथेच संपतो. त्याच्या विरोधात: थांबणं फुकट नव्हतं, त्याची किंमत बुमरा आणि सिराज चुकवत होते. प्रत्येक षटकात त्यांना एक-दोन चेंडू खेळावे लागत होते, आणि नवा चेंडू अवघ्या पाच षटकांवर आला होता. बुमरा गेला तेव्हा ४६ हव्या होत्या. शेवटी सिराजने बशीरचा चेंडू बॅटच्या मधोमध अडवला आणि तो मागे घरंगळत यष्ट्यांवर गेला. आमचं मत जडेजाच्या बाजूचं आहे: बुमरा असेपर्यंत त्याने केलं तेच योग्य होतं. सिराज आल्यावर मात्र फिरकी गोलंदाजाच्या षटकात, नव्या चेंडूआधी, एक-दोन धोके पत्करायला जागा होती. चेंडू यष्टीवर घरंगळला याचा या वादाशी संबंध नाही.

निकालावरून डावपेच जोखू नका

चेन्नई १९९९ चा विषय निघाला की अजूनही आवाज चढतात. पाकिस्तानविरुद्ध २७१ हव्या, ५ बाद ८२ वरून सचिन आणि मोंगियाने डाव सावरला, पाठ दुखत असताना सचिन १३६ वर गेला आणि १७ हव्या असताना सकलैनला उंच फटका मारताना बाद झाला. त्यानंतर चारच धावांत डाव संपला. ‘तो फटका मारायला नको होता’ हे आज सगळे म्हणतात. पण प्रश्न असा विचारा: दुखऱ्या पाठीने तो आणखी किती षटकं उभा राहू शकला असता? चौकारांनी संपवणं हा उतावीळपणा होता, की त्या क्षणी कमी धोक्याचा तोच मार्ग होता? दोन्ही बाजू मांडता येतात. चालत नाही ते एकच: तो बाद झाला म्हणून निर्णय चूक.

यासाठी साधी रीत: मत चेंडू पडण्याआधी, वेळेसह, लिहा. घरात टीव्ही आणि कोणाच्या मोबाइलवर स्ट्रीम, दोन्ही एकदम चालू असतील तर एकच ठेवा. दोन्हींत काही सेकंदांचं अंतर असतं आणि पुढचं पाहिलेल्याचं ‘मी आधीच म्हटलं होतं’ ग्राह्य धरू नये.

फलंदाजीच्या क्रमाबद्दलचे वादही असेच. ओव्हल १९७९ मध्ये इंग्लंडविरुद्ध ४३८ चा पाठलाग करताना गावसकर आणि चेतन चौहान यांनी २१३ ची सलामी दिली, धावफलक २ बाद ३६६ वर पोचला. तेव्हा विश्वनाथच्या आधी कपिलला पाठवलं आणि तो शून्यावर गेला. गावसकर २२१ करून ३८९ वर बाद झाला, आणि ८ बाद ४२९ वर, नऊ धावा कमी पडून, सामना अनिर्णित राहिला. फटकेबाजाला वर पाठवण्यात तत्त्वतः चूक नाही. पण स्थिरावलेला गावसकर एका टोकाला मारत असताना दुसऱ्या टोकाला एकेरी काढून देणारा माणूस हवा होता, आणि तसा विश्वनाथपेक्षा चांगला कोण? वर पाठवायचं तर टिकलेल्या फलंदाजाला काय लागतंय ते आधी बघायचं.

नियम, ज्यांवर उगाच भांडणं होतात

झेल गेला आणि फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं तरी ऑक्टोबर २०२२ पासून नवा फलंदाजच पुढचा चेंडू खेळतो, षटक संपलं असेल तरच अपवाद. ‘उंच मार, निदान स्ट्राइक तरी बदलेल’ हा जुना हिशेब आता लागू नाही.

डीआरएसचे, म्हणजे पंचांचा निर्णय तपासून घेण्याचे, तीन अयशस्वी रिव्ह्यू डावाला मिळतात. ‘अंपायर्स कॉल’ (फरक इतका थोडा की पंचांचाच निर्णय कायम) आला तर रिव्ह्यू जात नाही. हेडिंग्लेला ऑस्ट्रेलियाने शेवटचा रिव्ह्यू लीचविरुद्ध लेग स्टंपबाहेर पडलेल्या चेंडूवर खर्च केला. पुढच्याच षटकात लायनच्या चेंडूवर स्टोक्स पायचीत दिसत असताना विचारायला काही उरलं नव्हतं. म्हणून पानावर रिव्ह्यूचाही एक आकडा ठेवा.

चहापानाच्या वेळी नऊ विकेट गेलेल्या असतील तर खेळ अर्ध्या तासापर्यंत पुढे चालू राहतो. रोलर फलंदाजी करणाऱ्या कर्णधाराच्या मर्जीने फिरतो, सात मिनिटांपर्यंत. जड की हलका हेही तोच ठरवतो.

आणि शेवटचं, धावसंख्या सारखी झाली म्हणजे बरोबरी नव्हे. बरोबरीसाठी पाठलाग करणारा संघ सर्वबाद व्हावा लागतो. चेन्नई १९८६: शेवटच्या षटकात शास्त्रीने एकेरी घेऊन ऑस्ट्रेलियाच्या धावसंख्येशी गाठ घातली आणि स्ट्राइक मनिंदरला दिली. मनिंदर पायचीत, भारत ३४७ वर सर्वबाद, कसोटी बरोबरीत. शास्त्रीवर टीका करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की त्या एका धावेने पराभव अशक्य झाला. किंमत होती ती विजयाची शक्यता मनिंदरच्या हाती देण्याची.

वानखेडे, नोव्हेंबर २०११, वेस्ट इंडिजविरुद्ध: लक्ष्य २४३, शेवटच्या चेंडूवर दोन हव्या. अश्विनने लाँग ऑनला मारला, एक धाव पूर्ण झाली, दुसरीसाठी धावताना तो धावबाद. ९ बाद २४२, दोन्ही संघांच्या धावा सारख्या, एक विकेट शिल्लक, म्हणून सामना अनिर्णित. दुसरी धाव न घेता उभा राहिला असता तरी अनिर्णितच. त्या दुसऱ्या धावेची किंमत शून्य होती, ती घ्यायलाच हवी होती. वाद घालायचाच तर पहिली धाव तो इतकी सावकाश का धावला, यावर घालावा.